शर्ट मात्र त्याचा स्वतःचा होता

इतकी वर्षं मी नुसता 'टॅग' म्हणत आलो होतो. त्या रविवारी दुपारी, होणाऱ्या व्याह्यांच्या त्या लांबलचक टेबलावर, सगळे पोट धरधरून हसत असताना माझ्या तोंडून 'गुलाबी टॅग' असं निघून गेलं आणि समोर बसलेल्या माझ्या लेकीचा चमचा ताटाच्या वर हवेतच थांबला. बाकी कुणाला काही कळलं नाही. व्याही डोळे पुसत होते, विहीणबाई रुमालात तोंड लपवून हसत होत्या, होणारे जावई तर खुर्चीवरून पडायच्या बेतात. म्हणजे काय, गोष्ट एकदम फक्कड जमली होती. जमतेच. मी ती लग्नात सांगितलीय, दवाखान्याच्या रांगेत सांगितलीय, एकदा तर एका मयताहून परतताना गाडीत सांगितली आणि ज्याचा भाऊ गेला होता तोसुद्धा हसला. पण गुलाबी? हा रंग कुठून आला तोंडात? टेबलावरच्या फुलांमुळे असेल. फुलं गुलाबी होती. माणूस खूष असला की त्याला चार शब्द जास्तीचे सुचतात, आणि मी खूष होतो. एवढ्या श्रीमंत लोकांना एवढं हसवल्यावर कोण खूष होणार नाही? लेकीनं चमचा खाली ठेवला. आवाज न करता ठेवला. तिची आई असाच ठेवायची, आणि मग जेवण संपेपर्यंत माझ्याकडे बघायची नाही. ही मात्र बघत होती.

लेकीनं सकाळीच बजावलं होतं, "बाबा, ती गोष्ट नको हां आज. आणि जरा कमी बोला. जमेल ना?" जमेल ना! जसं काही बोलणं म्हणजे माझं पोट सुटलंय आणि तेवढं आत ओढून बसायचंय. मी म्हटलं, "नाही सांगत, तुझी शपथ." पण व्याह्यांनीच विचारलं, "तुमच्या धंद्यात गमतीजमती होत असतील नाही?" धंद्यात, म्हणजे लेकीनं त्यांना सांगितलंय की वडिलांचा ड्रायक्लीनिंगचा व्यवसाय आहे. खोटं नाही काही त्यात. व्यवसाय आहेच, मालकाचा. मी त्या व्यवसायाच्या काउंटरवर उभा असतो, जन्मभर. गिऱ्हाईक आलं की कपडा घ्यायचा, नंबर टाकलेला गुलाबी टॅग लावायचा, पावती फाडायची. धुऊन आला की गुलाबी काढून पांढरा. गुलाबी म्हणजे मळका, पांढरा म्हणजे स्वच्छ. शेंबड्या पोरालाही कळेल अशी पद्धत. आणि टॅग लावण्यात माझा हात असा बसलाय, की गिऱ्हाईक 'कधी मिळेल' म्हणायला तोंड उघडतंय तोवर पिन आत जाऊन बंद झालेली असते. चार टॅग आणि पिना माझ्या खिशात कायम असतात. आजही, या चांगल्या पँटच्या खिशातही आहेत. काही लोकांच्या खिशात सुपारी असते, माझ्या खिशात हे.

तर व्याह्यांनी विचारलं, आणि मी काय करणार, सांगितली. आमच्याकडे एक इस्त्रीवाला होता. मी त्याचं नाव ठेवलं होतं राजेसाहेब. उंचापुरा, नाकीडोळी छान, हात मात्र कोपरापर्यंत चटक्यांनी भरलेले. त्याला खोड अशी, की चांगला सूट इस्त्रीला आला की संध्याकाळी तो अंगात घालून बाहेर पडायचा. चोरी नाही, सकाळी परत हँगरला. कुठं चित्रांचं प्रदर्शन बघ, कुठं मोठ्या हॉटेलच्या दिवाणखान्यात नुसता बसून ये. तिथंच एक मुलगी भेटली, बड्या बापाची. तिला वाटलं हा कुणीतरी आहे. यानंही वाटू दिलं. बापाच्या वाढदिवसाला बोलावणं आलं. राजेसाहेबांनी अख्ख्या दुकानातला सर्वांत भारी सूट निवडला, एका डॉक्टरचा, काळाभोर, आतून रेशमी अस्तर. गेले. ग्लास हातात, मुलगी शेजारी, गप्पा रंगल्यात. आणि पाठीवर, कॉलरच्या खाली, लाँड्रीचा टॅग लोंबतोय! आरशात माणसाला पुढचंच दिसतं ना. आधी एक बाई हसली, मग दोघी, मग कुणीतरी नंबर वाचला, आणि गर्दीतून तो डॉक्टर पुढं आला. सुटाचा मालक! त्यानं काय करावं? नुसता हात पुढं केला. राजेसाहेबांनी कोट काढून दिला. डॉक्टर म्हणाला, पँटही माझीच आहे. इथं मी थांबतो. थांबायचंच असतं इथं. मग म्हणायचं: "शर्ट मात्र त्याचा स्वतःचा होता, बरं का!"

एकच हशा उसळला. होणारे जावई म्हणाले, "अंकल, परत एकदा, ते शर्टाचं परत सांगा." विहीणबाई म्हणाल्या, "पण अशा माणसाला त्या लोकांनी घरात घेतलंच कसं म्हणते मी. चेहऱ्यावरून कळत नाही का?" व्याही म्हणाले, "कपड्यावरूनच कळतं हो. कपडाच दुसऱ्याचा म्हटल्यावर?" आणि मी, लोक मागतायत तर द्यावं म्हणून, उजळणी करताना म्हणालो, "तो गुलाबी टॅग असा फडफडतोय पाठीवर..."

"बाबा," लेक म्हणाली. गोड आवाजात. कॉलेजात पोरांना प्रश्न विचारते त्याच आवाजात. "सूट धुऊन, इस्त्री होऊन तयार होता ना?"

"तर! कडक."

"मग त्याला पांढरा टॅग असायला हवा."

टेबलावरचं हसू अजून विरलं नव्हतं, त्याच्या खालून हे आलं. म्हणून कुणाला ऐकूच गेलं नाही नीट. व्याही म्हणाले, "काय म्हणतेस?" ती म्हणाली, "काही नाही. आमच्या दुकानातल्या रंगांची गंमत." मी म्हणालो, "अगं, गोष्ट आहे ती. शंभरदा सांगून सांगून थोडा मीठमसाला पडतोच." विहीणबाई म्हणाल्या, "सूनबाई वकीलच व्हायची!" सगळे पुन्हा हसले. मीही हसलो. माझं हसणं जरा उशिरा आलं, आणि सगळ्यांचं थांबल्यावरही थोडं चालू राहिलं.

चूक माझीच, तिला दुकानात वाढवली. तिची आई गेल्यावर शाळा सुटली की पोरगी काउंटरखाली बसायची. तिथं अभ्यास, तिथं खाणं, कंटाळा आला की टॅगांच्या माळा करायची, एक गुलाबी एक पांढरा. तिला पाढ्यांच्या आधी टॅग कळले. आणि आता कॉलेजात शिकवते काय, तर कुठलीशी जुनी अमेरिकन कादंबरी. जेवायच्या आधी तेच चाललं होतं. विहीणबाईंनी विचारलं, काय असतं त्यात? ही म्हणाली, श्रीमंत लोक असतात, त्यांच्या मेजवान्या असतात, आणि एक जण कडेला उभा राहून सगळं बघतो आणि आपल्याला सांगतो. व्याही म्हणाले, "या पुस्तकवाल्यांना श्रीमंत माणूस नेहमी वाईटच कसा दिसतो हो?" ही म्हणाली, "मी मुलांना सांगते, श्रीमंतांकडे नंतर बघा. आधी सांगणाऱ्याकडे बघा. तो म्हणतो मी प्रामाणिक आहे, मी नुसता बघत होतो." होणाऱ्या जावयांनी विचारलं, "म्हणजे तो खोटं बोलतो? मग वाचायचं कशाला?" ही म्हणाली, "खोटं नाही बोलत. सगळं खरं सांगतो, फक्त स्वतःचे हात सांगत नाही. सगळ्यांचे हात दिसतात, त्याचेच दिसत नाहीत." तेव्हा मी दाद दिली होती. वा, म्हटलं, पोरगी काय बोलते! पगार उगाच नाही देत. आता माझे दोन्ही हात टेबलावर होते, ताटाच्या दोन बाजूंना, आणि मला उगीचच ते मांडीवर घ्यावेसे वाटले. घेतले नाहीत. घेतले असते तर तिनं बघितलं असतं.

अहो, पण मी काय केलं? मी कुणाचं कधी वाईट केलेलं नाही. चेष्टा करतो. सगळ्या गल्लीला माहितेय मी चेष्टेखोर आहे. मालकाच्या खुर्चीवर ओला टॉवेल ठेवणारा मी, नव्या पोराला 'शेजारून सरळ कात्री मागून आण, वाकडी देतील' म्हणून पाठवणारा मी. राजेसाहेबांवर तर माझा जीव होता. सूट निवडून द्यायचो मीच. हा घाल, तो घालू नको, त्याच्या खांद्याला तू पुरत नाहीस. त्याला चालायला शिकवलं मी, खिशात हात कसा घालायचा, ओळख करून दिल्यावर किती हसायचं. त्या मुलीशी पहिल्यांदा काय बोलायचं तेही मीच सांगितलं, आणि ते चाललं. तो यायचा आणि सांगायचा, इस्त्रीच्या वाफेत उभा राहून, की ती असं म्हणाली, तिच्या घरी असा जिना आहे, तिच्या वडलांचा आवाज असा आहे. मी काउंटरवरून ऐकायचो. हिवाळ्यात तो माझ्या पोरीचे पायमोजे इस्त्रीखाली गरम करून तिच्या पायात घालायचा. ती त्याला राजेकाका म्हणायची. पायांवर पाय घासत हसायची. मी कधी तिचे मोजे गरम केले नाहीत, हे मला सुचायला पाहिजे होतं, पण इस्त्री त्याच्याकडे होती ना.

वाढदिवसाच्या दिवशी त्यानं दाढी केली, माझ्याच दाढीच्या साबणानं. सूट चढवला. पांढरा टॅग स्वतः काढला, मी बघितलं, तो फार जपून वागणारा माणूस होता. दुमडून इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, सकाळी परत लावायचा म्हणून. मी म्हटलं, "मीही येतो दारापर्यंत. लांबून बघेन." तर तो वळला. अजून आठवतं, वळला तेव्हा सूट त्याच्या अंगावर असा बसला होता की शिंप्यानं त्याचंच माप घेतलंय. म्हणाला, "तू नको येऊस. तुला तिथं अवघडल्यासारखं होईल." प्रेमानं म्हणाला हो. माझ्या भल्यासाठी. मीच शिकवलेलं, किती हसायचं, तेवढंच हसला. मी म्हटलं, बरोबर आहे, मला कुठं जमतंय. आणि जाताना पाठीवर हात फिरवला. जा राजा, मजा कर. एवढंच. पाठीवर हात फिरवण्याला काही नाव असतं का?

लेक अजून बघत होती. तिनं ताटातलं काहीच संपवलं नव्हतं. विहीणबाईंनी काहीतरी गोड आणवलं, बोलणं दुसरीकडे गेलं, लग्न कुठं करायचं, किती माणसं. मी सगळ्याला मान हलवत होतो आणि आत मला ती म्हातारी दिसत होती. राजेसाहेबांची आई. तो परत आला नाही ना दुकानात, त्या रात्रीपासून नाहीच. डॉक्टरनं मालकाला दम भरला, मालकानं पोलिसांत दिलं, मग तो आत गेला की गाव सोडून गेला, कुणी म्हणालं हे, कुणी ते. आठवड्यानं त्याची आई आली, त्याचा स्वेटर राहिलाय म्हणून. खुंटीवर लटकत होता, तपकिरी, कोपराला रफू. दुकानात गर्दी होती. मी गमतीनं म्हटलं, "पावती आहे का, आजी?" बास. नुसती गंमत. ती म्हातारी पिशवी उघडून शोधायला लागली. एक एक वस्तू बाहेर काढून काउंटरवर ठेवत होती, चष्म्याचं घर, औषधाची पट्टी, एक किल्ली. माझ्या पावतीसाठी. गिऱ्हाइकं हसायला लागली. मी म्हटलं, "अहो आजी, राहू द्या," आणि स्वेटर दिला. तेव्हा काउंटरखालून कुणीतरी माझी पँट ओढली. पोरगी होती. म्हणाली, "बाबा, तिला पावती तुम्ही दिलीच नव्हती." मी तिला म्हटलं, अभ्यास कर. हे मी गोष्टीत कधी घेत नाही. शर्टानंतर दुसरं काही चालत नाही, गोष्ट पडते.

जेवण आटोपलं. व्याही आरामखुर्चीत कलंडले. विहीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, "चल ग, तुला आमच्या क्लबात नेते. रविवारी सगळ्या जमतात. बघू दे तरी त्यांना, मुलानं काय शोधून आणलंय." लेकीच्या चेहऱ्यावर रंग चढला. सकाळपासून पहिल्यांदा. मग आम्ही बाहेरच्या दालनात आलो, जिथं कोट टांगले होते, आणि विहीणबाईंनी लेकीचा कोट हातात घेतला. पांढरा, लोकरीचा, पायापर्यंत. "काय सुंदर आहे ग हा! कुठून घेतला?" लेक म्हणाली, "बाबांनी दिला." खरं होतं ते. मी दिला. शनिवारी दुकानातून आणून दिला. ती म्हणाली होती, "बाबा, विकत घेतलाय ना? खरं सांगा." मी म्हटलं होतं, "तुझी शपथ." कोट एका न्यायाधीशांच्या बायकोचा. गिऱ्हाईक परदेशी गेलेलं, सहा महिने न्यायला येणार नव्हतं. मग लटकून काय करणार होता तो? पोरीच्या अंगावर तरी चढला. एका बापानं आणखी काय करायचं?

"आमच्या न्यायाधीशीणबाईंचा अगदी हुबेहूब असाच आहे," विहीणबाई कोटाच्या बाहीवरून हात फिरवत म्हणाल्या. "कालच अचानक परत आली ती परदेशातून. येईलच आज क्लबात. दाखवते तिला. म्हणते, बघ, तुझ्या एकटीचाच नाही!"

मला एकदम थंड वाटलं, छान थंड, उकाड्यात थंड पाण्याचा ग्लास कपाळाला लावल्यासारखं. सोपं होतं. दोन शब्दांचं काम. म्हणायचं, 'ऊन आहे पोरी, कोट राहू दे.' बास. मी घरी घेऊन जाईन, सकाळी हँगरला. कुणाला कळलं नसतं. न्यायाधीशीणबाईंना त्यांचा कोट, विहीणबाईंना त्यांची सून, लेकीला तिचा क्लब. मी तोंड उघडलंसुद्धा. विहीणबाई पर्स आणायला आत गेल्या, होणारे जावई गाडी काढायला धावले, आणि दालनात आम्ही दोघंच उरलो, बाप आणि लेक. मी म्हटलं, "बेटा..."

"बाबा," ती म्हणाली. हळू, दाराकडे बघत. "तुम्ही इथूनच घरी जा हं. क्लबात नका येऊ." आणि मग, माझ्या बाहीवर हात ठेवून, प्रेमानं, अगदी प्रेमानं: "तुम्हाला तिथं अवघडल्यासारखं होईल."

बाहेर जावयांनी गाडीचा हॉर्न वाजवला. मी म्हटलं, "हो ग. मला कुठं जमतंय."

ती थांबली. वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. "घरी आल्यावर मला एकदा खरं सांगाल का?" ती म्हणाली. "राजेकाकांचं. मी रागावणार नाही. लग्नाच्या आधी मला माहीत असायला हवं, एवढंच."

"त्यात सांगायचं काय?" मी म्हटलं. "मी तिथं होतो का?"

"तेच तर म्हणतेय."

डोळे आईचेच. पण हसू मात्र माझं, चेष्टेखोर, ओठांच्या एका कोपऱ्यात. म्हणजे पोरगी माझीच. मला तिचा इतका अभिमान वाटला त्या क्षणी, की सांगता येत नाही. एवढी शिकलेली, एवढी सरळ, केस वर बांधलेले, मान उघडी, लहानपणी काउंटरखाली झोपायची तेव्हा घामेजलेली असायची तीच मान. मी कोट उघडून मागून धरला. तिनं एक हात घातला, मग दुसरा. कोट खांद्यावर असा बसला, की वाटावं तिच्याच मापाचा आहे. मी कॉलर सरळ केली. जन्मभर कॉलरी हाताळलेल्या माणसाची बोटं कॉलरीपाशी गेली की आपोआप चालतात, त्यांना काही विचारावं लागत नाही, खिशात केव्हा जाऊन येतात तेही कळत नाही. तिला समोरच्या मोठ्या आरशात स्वतःकडे बघायचं होतं. बघितलं. आरशात मी तिच्या मागं होतो, हसत होतो, आणि माझे हात तिच्या पाठीआड होते.

"छान दिसते ना, बाबा?"

"राणीसारखी."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "जा, मजा कर."

विहीणबाई आल्या, तिच्या दंडात हात घालून तिला घेऊन गेल्या. शेजारी शेजारी चालणाऱ्याला पाठ दिसत नाही. पायऱ्या उतरून दोघी बागेतल्या वाटेनं निघाल्या, विहीणबाई काहीतरी सांगत होत्या, लेक मान मागं टाकून हसत होती. ऊन लख्ख होतं, कोट नुसता चमकत होता, आणि वारं सुटलं होतं. पांढऱ्यावर एवढासा गुलाबी, किती लांबून दिसतो! फाटकापाशी तिनं मागं वळून हात केला. मीही केला. मग जावयांनी दार उघडलं, ती वाकून आत बसली, गाडी वळली.

मी तसाच पायरीवर उभा राहिलो. आतून व्याह्यांच्या घोरण्याचा आवाज येत होता. सुरुवात कुठून करावी? जेवणापासून नको, लांबतं. एक मुलगी होती, कॉलेजात शिकवायची, तिला खोड अशी, असं धरावं. क्लबाचं दार, कुजबुज, गर्दीतून पुढं आलेली न्यायाधीशीणबाई, नुसता पुढं केलेला हात. आतला झगा मात्र तिचा स्वतःचा होता, बरं का! जमेल. थोडे दिवस जाऊ द्यावे लागतील, पण जमेल. आणि या वेळी नुसता टॅग म्हणायचं. रंग सांगायचा नाही.